बुधवारचा तीनचा खेळ

गळ्यात लाकडी जोखड अडकवलेला तो पोरगा टीव्हीवर दिसला, तेव्हा प्रमिलाबाईंच्या हातातलं ताट कललं आणि निवडलेले उडीद न निवडलेल्यांत जाऊन मिसळले. रविवारची दुपार होती. जळगावच्या त्या नव्या वस्तीत रविवारी दोनच्या सुमाराला केबलवाला एखादी कॅसेट लावी, आणि मग घराघरांतून एकच मारामारी, एकच गाणं ऐकू येई. प्रमिलाबाई एरवी टीव्हीकडे पाठ करून बसत. त्या ज्याच्याकडे राहत तो त्यांचा भाचा निंबा म्हणे, आमची अक्का टीव्ही रेडिओसारखा ऐकते. आज मात्र कुणी हाक मारल्यासारखी त्यांची मान वळली, आणि वळली ती तशीच राहिली. नदीकाठची लव्हाळी, पाण्यात नाकापर्यंत बुडून बसलेला पोरगा, बैलाच्या मानेवर असतं तसलं पण माणसाच्या मापाचं ते जोखड, आणि काठावरून त्याला शोधत जाणारे घोडेस्वार.

"घोड्यांचा पिक्चर आहे अक्का, मारामारीचा," निंबाची बायको सुनंदा ओले केस पंचाने झटकत म्हणाली. "तुमचं डोकं दुखेल. बंद करू का?"

"राहू दे."

"मंगोल लोकांचा आहे म्हणे. तो पोरगा पुढे मोठा राजा होतो."

"ठाऊक आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या. सुनंदा केस झटकायची थांबली. या बाईला मंगोल राजा कसा ठाऊक, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण प्रमिलाबाई तिच्याकडे बघत नव्हत्या.

त्यांना वाटत होतं, हा अजून तेवढाच कसा? एकतीस वर्षांपूर्वी धुळ्याला पाहिला तेव्हा तो त्यांना पुरुषमाणूस वाटला होता, पदर सावरून बघावा असा. आता तो नातवाच्या वयाचा दिसत होता, आणि त्याच्या गालावर अजून तोच चिखल होता. आपण म्हातारे झालो, नाना गेले, आग्रा रोडवरच्या त्या थेटराचं गोदाम झालं, आणि हा अजून त्याच पाण्यात बसून आहे. पण त्याहून विचित्र गोष्ट दुसरीच होती. तो बोलत होता. पाण्यातून बाहेर आल्यावर त्याला आसरा देणाऱ्या म्हाताऱ्याशी तो हिंदीत बोलत होता, कुण्या मुंबईच्या माणसाच्या पातळ आवाजात. धुळ्याला तो स्वतः कधी बोललाच नव्हता. तिथे तो नानांच्या आवाजात बोलला होता.

नाना म्हणजे त्यांचे यजमान, तोताराम. थेटरात त्यांना सगळे सांगणारा म्हणत. इंग्रजी पिक्चर लागला की पडद्याच्या डाव्या हाताला एका उंच स्टुलावर नाना बसत, हातात माइक घेत, दोनदा फुंकर मारून बघत आणि पिक्चर सुरू झाला की गोष्ट सांगायला लागत. वितरकाकडून रिळांच्या पेटीबरोबर गोष्टीचा छापील कागद येई, तो हायस्कुलातले एक मास्तर नानांना वाचून दाखवत. पण कागद फक्त निमित्ताला. नाना पहिला खेळ एकटे बघून घेत आणि मग गोष्ट आपल्या भाषेत बसवत, निम्मी मराठी, निम्मी खान्देशी. पडद्यावरचा गोरा माणूस दोन शब्द बोलला तरी नाना त्याचं पाऊण मिनिटाचं भाषण करीत, आणि तो लांबलचक बोलत सुटला तर म्हणत, "हा काय बोलस त्यात काही दम नाही, पुढे देखा." लोक टाळ्या पिटत. साक्री, पिंपळनेरकडून बैलगाड्या करून माणसं येत ती पिक्चरसाठी येत की नानांसाठी, हे मालकालाही सांगता आलं नसतं. हेच नाना घरात मात्र मुके. जेवताना मीठ हवं असलं तरी बोटाने दाखवत. तीन मुलं झाली आणि तीनही गेली. त्या तीनही वेळा नाना अंगणात जाऊन उभे राहिले, आणि आत येऊन एक शब्द बोलले नाहीत. प्रमिलाबाईंना वाटे, देवाने माणसाला मोजून शब्द दिलेत, आणि यांचे सगळे थेटरात खर्च होतात.

टीव्हीवर लग्न चाललं होतं. फरची टोपी घातलेली ती मुलगी, रुंद चेहऱ्याची. तिच्याकडे बघून प्रमिलाबाईंनी ताट खाली ठेवलं. पुढे काय होणार ते त्यांना माहीत होतं, म्हणजे निदान नानांनी सांगितलं होतं तेवढं. पलंगाखालच्या पत्र्याच्या डब्यात, औषधाच्या चिठ्ठ्यांखाली, नऊ दिवसांपासून एक आंतर्देशीय पत्र पडून होतं. ते त्यांना आत्ता पाठीमागून बघत असल्यासारखं वाटलं.

पत्र भुसावळहून आलं होतं. अक्षर कुणा शेजारणीचं, पण बोलणं भिकूचं. भिकूचं बोलणं एकतीस वर्षांनीही पहिल्या ओळीत ओळखू आलं. 'वहिनीस नमस्कार. मी भिकू. भाऊ गेल्याचं उशिरा कळलं. माझं आता फार दिवस नाही असं डाक्टर म्हणतो. मला मुलगा आहे, त्याचं नाव सुपडू. रेल्वेत फिटर आहे, लग्न झालं आहे. त्याला मामा होता, मामी आहे, हे मी त्याला सांगितलेलं नाही. तू आलीस तर सांगू. नाही आलीस तर राहू दे.' खाली क्वार्टरचा नंबर. बस्, एवढंच. निंबाने विचारलं होतं, कुणाचं पत्र? त्या म्हणाल्या, धुळ्याच्या जुन्या शेजारणीचं. खोटं बोलताना त्यांना काही वाटलं नाही, पण सुपडू हे नाव त्या दिवसभर तोंडातल्या तोंडात म्हणत राहिल्या. जाण्याचं धैर्य झालं नाही आणि पत्र फाडण्याचंही नाही. नानांनी एकदा सांगून टाकलं होतं. आता नाना नसताना ते मोडायचं कसं, असं त्या स्वतःला समजावत होत्या. नवऱ्याच्या शब्दाचा आडोसा विधवेलाही पुरतो, हे त्यांना तेव्हा कळलं.

भिकू नानांची धाकटी बहीण. जामनेरकडच्या एका गावात दिलेली. कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी ती शेतातून नाहीशी झाली. वेचलेल्या कापसाची ओटी बांधावर सापडली आणि भिकू नाही. कुणी म्हणालं पळवून नेली, कुणी म्हणालं गेली. सासरच्यांनी चार दिवस शोधलं आणि पाचव्या दिवशी शोधणं थांबवलं, कारण तेवढ्यात दुसऱ्या सोयरिकीचं बोलणं निघालं. चैत्र सरता सरता एका सकाळी ती धुळ्याला भावाच्या दारात उभी राहिली. पायात चप्पल नव्हती आणि पोट दिसत होतं. पाचवा महिना की सहावा, यावरच सगळं अडलं होतं. सासरच्यांनी बोटं मोजली आणि निरोप पाठवला, आम्हाला ती मेली. भिकूला स्वतःलाही सांगता येत नव्हतं. प्रमिलाबाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं, आपलं लुगडं दिलं. तिने एवढंच म्हटलं, "वहिनी, माले परत येवानं व्हतं." मला परत यायचं होतं. गेली होतीस की नेली होती, हे प्रमिलाबाईंनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, हेही त्यांना आजवर ठरवता आलेलं नाही.

आठ दिवस ती घरात होती, आणि आठ दिवस नाना बहिणीशी बोलले नाहीत. ती समोर आली की ते उठून अंगणात जात. अंगण आपलं झाडून झाडून गुळगुळीत झालं होतं. भिकू दिवसभर काम शोधत राही. सातव्या दिवशी ती भिंतीवरचं सूप काढून जोंधळे पाखडायला बसली. त्या सुपाच्या एका कोपऱ्याला लाल चिंधी शिवलेली होती. प्रमिलाबाईंचं तिसरं बाळ त्यात घालून उंबऱ्याबाहेर ओढलं होतं. मुलं जगत नसली की तसं करतात. मूल सुपात घालून बाहेर काढायचं, शेजारणीच्या पदरात टाकायचं आणि मूठभर जोंधळ्यांवर तिच्याकडून परत घ्यायचं. म्हणजे ते आपलं राहत नाही, दुसऱ्याचं होतं, आणि नजर लावणाराला फसवता येतं. नाव ठेवायचं सुपडू. त्यांच्या सुपडूला अकरा दिवस मिळाले. बाराव्या दिवशी सूप पुन्हा खिळ्यावर गेलं. भिकूला हे सगळं माहीत होतं. पाखडता पाखडता ती थांबली आणि चिंधीवरून बोट फिरवत म्हणाली, "वहिनी, हाई तू ठी ले. मन्हं बाळ." हे तूच ठेवून घे. "मी उंबराबाहेरथीन सूप ढकलसू, तू मझारथीन ओढी ले. मंग ते तुन्हंच. मी एक डाव निंघी जासू." मी बाहेरून ढकलते, तू आतून ओढून घे, मग मी निघून जाईन.

प्रमिलाबाईंचा हात जोंधळ्यात तसाच राहिला. त्यांच्या छातीत काहीतरी इतकं जोरात उसळलं की त्यांना भीती वाटली, भिकूला ऐकू जाईल. पोट दुसरीचं, मूल कुणाचं कोण जाणे, आणि तरी त्यांच्या अंगाला, त्या बत्तीस-पस्तीस वर्षांच्या रित्या अंगाला, ते आत्ताच आपलं वाटायला लागलं होतं. त्या म्हणाल्या, "यांना विचारते." एवढंच म्हणाल्या. तेव्हा त्यांना ते फार शहाणपणाचं उत्तर वाटलं.

टीव्हीवर धूळ उडाली. शत्रूच्या टोळीने वस्तीवर धाड घातली, तंबू पेटले, आणि ती फरच्या टोपीची मुलगी कुणीतरी घोड्यावर आडवी टाकून नेली. सुनंदा म्हणाली, "बाई गं." धुळ्याच्या थेटरातही नेमकं इथेच बायका बाई गं म्हणाल्या होत्या.

बुधवार होता. सकाळी नानांनी दोन पास चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवले आणि पाठमोरे उभे राहून म्हणाले, "तीनच्या खेळाला या. दोघी." आठ दिवसांत बहिणीबद्दल पहिल्यांदा काही बोलले. दोघी. त्या एका शब्दाने घर उजळलं. प्रमिलाबाईंनी पेटीतून हिरवं लुगडं काढून भिकूला नेसवलं, केसाला तेल लावलं. भिकू हसली. प्रमिलाबाईंनी मनात ठरवलं होतं, पिक्चर झाला की नाना खुशीत असतात, तेव्हा सुपाचं काढायचं. बायकांच्या दारावर झुंबरबाई बसे, पास फाडायला. चांगली दांडगी बाई, पुरुष त्या दाराकडे फिरकत नसत. तिने भिकूच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "ये माय, पंख्याखाली बठ." बायकांच्या जागेला पडदा असे. दिवे गेले की तो बाजूला सारत. झरोक्यातून आलेल्या उजेडाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. माइकवर दोन फुंकरा आल्या, फू, फू, आणि नानांचा आवाज आला. घरातला नव्हे, तो दुसरा. भरदार, हसरा.

तेमुजिन हे नाव नानांनी तेमजी करून टाकलं होतं, जसा शेजारच्या गावचा कुणी असावा. तेमजीचा बाप विष घालून मारला. तेमजीच्या भाऊबंदांनी त्याची गुरं नेली. तेमजीच्या घरी घोडीचं दूध आंबवून पितात, असं नाना म्हणाले तेव्हा मागून एक म्हातारी ओरडली, "ए तोताराम, घोडी पान्हा सोडस का?" नाना माइकमधून म्हणाले, "तुमनी म्हैस आटनी की माले सांगा आजी, एक घोडी धाडी देसू." सगळं थेटर हसलं. भिकूही हसली, पदर तोंडाला लावून, खांदे हलवून. तिचा खांदा प्रमिलाबाईंच्या खांद्याला लागत होता. तो हललेला खांदा त्यांना अजून उजव्या दंडावर जाणवतो, थंडीच्या दिवसांत जरा जास्त.

मग तेमजी सैन्य जमवतो. एकेक माणूस, एकेक टोळी. ज्याने त्याला जोखडातून सोडवलं त्याचा मुलगा, बालपणीचा मित्र, बापाचा जुना सोबती. हा पोरगा इतका मोठा होतो तो राज्यासाठी नाही, बायको परत आणण्यासाठी, हे नानांनी किती छान सांगितलं होतं! एवढी घोडी, एवढे भाले, कशासाठी? तर एका बाईसाठी. प्रमिलाबाईंनी अंधारात भिकूचा हात धरला. त्यांना वाटलं, नाना हे बहिणीलाच सांगताहेत, घरात सांगता येत नाही म्हणून इथे बोलावून. मोठी लढाई झाली. तेमजी जळत्या तंबूंमधून तिला हाका मारत फिरला. ती गाडीमागून धावत आली. लगाम धरला. तेमजी घोड्यावरून उतरला. त्याचं लक्ष तिच्या पोटाकडे गेलं.

आणि नाना थांबले. पाच-सहा श्वास माइकमधून नुसती खरखर आली. मग तो भरदार आवाज म्हणाला, "मंडळी, तेमजीनी बायको त्याले मिळनी नाही. ती शहाणी बाई व्हती. शत्रूना घरमा पाय ठेवाना आधीच तिनी विष खादं. कुळनी अब्रू ठेवी. ही जी समोर दिसस ती तिनी बहीण शे."

पडद्यावर तेमजीने त्या बाईच्या पोटावर हात ठेवला होता.

"ओ नाना!" पुरुषांमधून कुणीतरी ओरडलं. "ही तर तीच शे ना!"

"जुळी बहीण शे," नाना म्हणाले. लोक हसले. पुढचा तासभर ती बाई पडद्यावर येतच राहिली आणि नानांना तो तासभर तिला मेलेली ठेवावी लागली. कधी बहीण, कधी दासी, कधी 'ही कोण ते पुढे कळी'. लोकांना मजा वाटली असेल. प्रमिलाबाईंच्या हातातला हात कधी सुटला ते त्यांना कळलं नाही. दिवे लागले तेव्हा पंख्याखालची ती जागा रिकामी होती. झुंबरबाई म्हणाली, पोर मघाच गई, पोटात दुखस म्हणे. घरी आल्या तर हिरवं लुगडं घडी करून ठेवलेलं आणि भिंतीवरचं सूप नाही. नाना संध्याकाळच्या खेळाआधी चहाला आले. त्यांनी खिळ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. म्हणाले, "दुसरं आण." त्यानंतर एकतीस वर्षांत, नाना जिवंत होते त्या अठरा वर्षांतही, घरात भिकूचं नाव निघालं नाही.

"अक्का, रडता का काय?" सुनंदा म्हणाली.

"धूळ गेली उडदाची."

टीव्हीवर आता तो क्षण आला. तीच गाडी, तोच लगाम. तो उतरला. त्याची नजर पोटाकडे गेली. आणि बाजूच्या दाढीवाल्या सरदाराने काहीतरी विचारलं, तेव्हा तो पातळ आवाज हिंदीत म्हणाला, "बच्चा मेरा है. जिसे पूछना हो, मुझसे पूछे." बस्. एवढं साधं. सुनंदा म्हणाली, "घ्या, बिचारीला घरात घेतली एकदाची," आणि भांडी घासायला उठून गेली. तिला यात काही विशेष वाटलं नाही.

प्रमिलाबाई मात्र एकदम हलक्या झाल्या. खरं कळलं! नानांनी खोटं सांगितलं होतं. मला इंग्रजी कुठे कळत होतं? माझा काय दोष? हे भिकूला सांगायला हवं, त्याने तिला घेतलं होतं गं, आपल्याला खोटं सांगितलं. नऊ दिवस जे धैर्य होत नव्हतं ते आता पायांत आलं. त्या रात्रभर नीट झोपल्या आणि सोमवारी सकाळी निंबाला म्हणाल्या, "मला भुसावळच्या गाडीत बसवून दे." निंबाने कारण विचारलं नाही. फक्त म्हणाला, "स्वेटर घे, अक्का."

पण एसटी नशिराबादच्या फाट्यावर थांबली, कंडक्टर खाली उतरून कुणाशी बोलत राहिला, आणि तेवढ्या दहा मिनिटांत तो हलकेपणा कुठेतरी उतरून गेला. शेजारी केळीचा घड मांडीवर घेऊन एक बाई बसली होती. तिच्याकडे बघताना प्रमिलाबाईंना झुंबरबाई आठवली. नाना गेले तेव्हा भेटायला आली होती. रडून झाल्यावर, चहाची बशी पुसता पुसता सहज म्हणाली होती, "माले एक कोडं कधी सुटनं नाही, प्रमिलाबाई. तो मंगोलना पिक्चर आठ दिवस चालना. बठ्ठा खेळमा नानांनी ती बाई जिवंत ठेवी. फक्त बुधवारना तीनना खेळमा मारी." प्रमिलाबाईंनी तेव्हा म्हटलं होतं, "साखर हवी का अजून?" म्हणजे तेरा वर्षांपूर्वीच कळलं होतं. कळलं होतं आणि औषधाच्या चिठ्ठ्यांसारखं कशाच्या तरी खाली ठेवून दिलं होतं. मग काल टीव्हीसमोर कसलं खरं कळलं?

आणि गाडी सुरू झाल्यावर, औष्णिक केंद्राच्या चिमण्या लांबून दिसायला लागल्यावर, त्याच्याही खालचं एक वर आलं. झुंबरबाईने सांगायचीही गरज नव्हती. डोळे होते की. पडद्यावर पुरुषाने बाईच्या पोटावर हात ठेवला होता. त्याला इंग्रजी कशाला लागतं? त्या वेळी, त्या अंधारात, भिकूने पडद्याकडे बघायचं सोडून मान वळवली होती आणि वहिनीकडे पाहिलं होतं. झरोक्याच्या उजेडात तिचे डोळे दिसत होते. प्रमिलाबाई पडद्याकडे बघत राहिल्या होत्या. मान ताठ धरून. हात सुटला नव्हता. त्यांनी सोडला होता.

क्वार्टर दोन खोल्यांचं होतं. दार उघडंच होतं. भिकू खिडकीशी खाटेवर पडली होती, इतकी लहान झालेली की पांघरुणाखाली कुणी आहे असं वाटेना. सून बाजाराला गेली होती. भिकूने वळून पाहिलं आणि जराही दचकली नाही. म्हणाली, "उनी का? बठ."

प्रमिलाबाई बसल्या. बोलायचं म्हणून आणलेलं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं, टीव्ही, कॅसेट, हिंदीतलं वाक्य. "त्याने तिला घेतलं होतं, भिकू. मूल माझं म्हणाला. नानांनी आपल्याला खोटं सांगितलं." सांगता सांगताच त्यांना आपला आवाज ओळखू येईना. त्यात नानांचा तो दुसरा, भरदार सूर होता.

भिकू ऐकत होती. मग म्हणाली, "माले दिसतच व्हतं, वहिनी. मी काय आंधळी व्हतू?" जरा दम घेऊन म्हणाली, "भाऊनं मी मनवर नाही लिधं. तो कधी घरमा बोलनाच नाही, त्यानं काय लेवानं? मी तुन्हाकडे दखत व्हतू." भावाचं मी मनावर घेतलं नाही, मी तुझ्याकडे बघत होते.

समोरच्या भिंतीवर सूप होतं. कडा तारेने शिवलेल्या, कोपऱ्यावरची चिंधी विटून मातीच्या रंगाची झालेली. प्रमिलाबाईंना विचारायचं होतं, तूच ढकललंस आणि तूच आतून ओढलंस का? दोन्हीकडून एकटीने? पण ते विचारायचा हक्क उरला नव्हता. लांब यार्डात डबे एकमेकांवर आदळत होते, थांबून थांबून.

दारात सावली पडली. एक उंच माणूस आत आला, तेलाने काळे झालेले हात लांब धरून. कपाळ थेट नानांचं. त्याने मोरीत हात धुतले, खांद्यावरच्या पंचाला पुसले आणि म्हणाला, "आई, पाहुण्या कोण?"

भिकूने मान वळवली आणि प्रमिलाबाईंकडे पाहिलं. तसंच. तेच डोळे, भोवती फक्त कातडी उरलेली. ती वाट बघत होती. घाई नव्हती तिला. जिने एकतीस वर्षं वाट पाहिली तिला आणखी दोन मिनिटं काय!

इथे माइक नव्हता, स्टूल नव्हतं, कुणाच्या आवाजात बोलायची सोय नव्हती. प्रमिलाबाई म्हणाल्या, "मी प्रमिला. तुझी मामी. तू पोटात होतास तेव्हा तुझी आई माझ्या घरी आली होती. तू मला हवा होतास. तिने दिला होता. मी..." त्यांनी सुपाकडे पाहिलं. "मी बोलले नाही. तुझा मामा नाही म्हणाला, आणि मी नुसती बसून राहिले."

तो उभाच राहिला. त्याने आईकडे पाहिलं, मग या म्हाताऱ्या बाईकडे, मग पुन्हा आईकडे. एवढं मोठं काहीतरी अचानक हातात दिलं तर माणूस ते ठेवायला जागा शोधतो, तशी त्याची नजर खोलीभर फिरली.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही चहा घेतला का?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेला. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायला लागला.

तो 'तुम्ही' खोलीत बराच वेळ राहिला. प्रमिलाबाईंनी हात पुढे केला. खाटेवरचा हात हाडांची जुडी झाला होता. तो सुटला नाही आणि त्याने धरलंही नाही. भिकूने डोळे मिटून घेतले.

"इतलंच व्हतं, वहिनी," ती म्हणाली. "तवय तू इतलंच सांगानं व्हतं."